कपाटातलं जंगल

(मंडळाच्या निधी संकलन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणाच्या आधी भाषण ठेवायची कल्पना आमची नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. बटाटेवड्यांचा वास स्टेजपर्यंत येतोय, त्यामुळे तुमचं लक्ष आमच्याकडे किती वेळ राहणार याचा अंदाज आम्हालाही आहे. 'आम्ही' म्हणजे यंदाच्या निधी समितीतले चौघं. भाषण चौघांनी मिळून लिहिलंय, वाचायला मात्र एकालाच पुढे ढकललंय. चौघेही इंजिनिअर, पोट सॉफ्टवेअरवर. बारावीनंतर बायॉलॉजीला जो रामराम ठोकला तो आजतागायत. आज आम्ही वनस्पतीशास्त्रावर बोलणार म्हटल्यावर घरच्यांनीच आधी हसून घेतलं.

विषय निघाला तो असा. यंदाचा निधी आपण कोकणातल्या एका छोट्या कॉलेजच्या बॉटनी विभागाला देतो आहोत. ते विद्यार्थी आसपासच्या देवरायांमधल्या झाडाझुडपांची नोंद करतात. त्यांनी मागितलंय काय? नमुने ठेवायला लोखंडी कपाटं, पावसाळ्यात नमुने वाळवायला ड्रायर आणि मुलांच्या एसटीच्या भाड्याचे पैसे. बस्स. समितीच्या बैठकीत कुणीतरी स्पष्टच विचारलं, "अहो, कपाटांसाठी कोण पैसे देणार?" प्रश्न रास्त होता. आजवर आपण मुलींना सायकली दिल्या, एका दवाखान्याला उपकरणं दिली. त्याचे फोटो येतात, ते आपण पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत छापतो. कपाटाचा फोटो कोण बघणार?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्हाला आपल्याच गावातला एक माणूस भेटला. म्हणजे तो १९९३ सालीच गेला. पण नोकरी त्याची इथली, सेंट लुईसची.

शॉज गार्डन, म्हणजे मिसुरी बोटॅनिकल गार्डन, आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं आहे. भारतातून आई-बाबा आले की पहिल्या वीकएंडला आर्च आणि दुसऱ्या वीकएंडला ही बाग, हा आपला ठरलेला कार्यक्रम. काचेच्या त्या घुमटासमोर, क्लायमॅट्रॉनसमोर, काढलेला फोटो नसेल असं मराठी घर या गावात विरळा. बाग १८५९ सालची, घुमट १९६० सालचा. आत एकही खांब नाही आणि बाहेर बर्फ असताना आत कोकणातल्या जूनची हवा. आमच्यातल्या एकाची आई आत शिरताच म्हणाली, "अरे, हे तर आपलं परसू!" केळ, कॉफी, कोको, चष्म्यावर धुकं.

पण या बागेचा खरा खजिना घुमटात नाही, तो कपाटांत आहे. वाळवून, कागदावर चिकटवून, लेबल लावून ठेवलेले ७० लाखांहून जास्त वनस्पतींचे नमुने. याला हर्बेरियम म्हणतात. इतकी वर्षं इथे राहून आम्हाला याचा पत्ता नव्हता. त्या कपाटांतले ७० हजारांहून जास्त नमुने एकट्या अल्विन जेन्ट्रीने गोळा केलेले आहेत.

जेन्ट्री १९४५ साली कॅन्सस राज्यातल्या क्ले सेंटर नावाच्या गावात जन्मला. कॅन्ससमधून गाडी चालवत गेलेल्यांना ठाऊक आहे: गहू, मग आणखी गहू. अशा सपाट मुलखातला मुलगा उष्ण कटिबंधाच्या वर्षावनात, जिथे दोन हातांपलीकडचं दिसत नाही तिथे जाऊन रमला, याची आम्हाला मोठी गंमत वाटते. पीएच.डी. १९७२ साली इथल्याच वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतून, मग नोकरी बागेत. तीही शेवटपर्यंत एकच. आपल्यातले काहीजण दर दीड वर्षाला कंपनी बदलतात, त्यांनी कृपया नोंद घ्यावी.

त्याचा खास विषय बिग्नोनिएसी हे कुळ. नाव बोजड आहे, पण झाडं आपल्या ओळखीची आहेत. पुण्याच्या जुन्या बंगल्यांच्या फाटकावर जानेवारीत केशरी फुलांनी ओथंबणारी संक्रांतवेल याच कुळातली आणि मूळची दक्षिण अमेरिकेची. विक्रोळीजवळ हायवेच्या कडेला फुलणारा गुलाबी टॅबेबुया हाही तिकडचाच पाहुणा. आपल्या मातीतला टेटू आणि ज्याच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडतो ते बुचाचं झाड, हेही याच घरातले. आमच्यातल्या एकीने लहानपणी बुचाच्या फुलांच्या वेण्या गुंफल्यात. ती म्हणाली, "म्हणजे मी तेव्हापासूनच फील्डमध्ये होते!"

या कुळाच्या वेली कधी आणि कशा फुलतात यावर जेन्ट्रीने १९७४ साली एक निबंध लिहिला. काही जाती रोज दोन-चारच फुलं उमलवतात, पण महिनोन् महिने. काही जाती वर्षभर गप्प असतात आणि मग चार दिवसांत सगळा खजिना उधळून मोकळ्या. या दुसऱ्या तऱ्हेला त्याने नाव दिलं 'बिग बँग'. विक्रोळीचा टॅबेबुया आठवा, म्हणजे अर्थ लगेच कळेल.

आता जरा इंजिनिअरी भाग, पण कंटाळा करू नका. वर्षावनात झाडं मोजायची कशी? एक हेक्टर आखायचा, दहा सेंटिमीटरहून जाड खोडं मोजायची, ही प्रचलित रीत. उत्तम, पण वेळखाऊ. शिवाय वेली आणि बारीक झाडं त्यात सुटतात, आणि जेन्ट्रीचा जीव तर वेलींवर! त्याने स्वतःची पद्धत बसवली. ५० मीटर लांब आणि २ मीटर रुंद अशा दहा पट्ट्या, म्हणजे एकूण हजार चौरस मीटर. त्यात रुजलेलं, अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असं जे काही असेल ते सगळं मोजायचं. झाड असो की वेल. दोरी, टेप आणि मदतीला दोन माणसं. हीच मोजणी त्याने जगभरात दोनशेहून जास्त ठिकाणी, त्याच मापाने केली. आम्हा डेटाबेसवाल्यांना यातलं मर्म लगेच समजलं. एकेका ठिकाणचा आकडा फार काही सांगत नाही. तेच माप सगळीकडे लावलं की मग पाऊस वाढतो तशा जाती कशा वाढतात, कोणत्या खंडात काय जास्त, हे ताडून बघता येतं. तो गेल्यावर ही सगळी माहिती एकत्र प्रसिद्ध झाली आणि आजही संशोधक ती वापरतात. तीस वर्षांपूर्वीचा आपला कोड कुणी वापरत असेल का, हा विचार आम्ही लगेच बाजूला सारला.

हजार चौरस मीटर म्हणजे किती? पाव एकर. म्हणजे बॅलविन किंवा चेस्टरफील्डमधलं आपलं घर, ड्राइव्हवे आणि मागचं-पुढचं लॉन. त्यात आपण दर शनिवारी घाम गाळून एकाच जातीचं गवत राखतो, दुसरं काही उगवलंच तर औषध मारतो. जेन्ट्री आणि त्याचा मित्र कॅलवे डॉडसन यांनी पश्चिम इक्वेडोरमधल्या रिओ पालेंके इथे एवढ्याच जागेत सगळ्या वनस्पती मोजल्या. झाडं, वेली, झुडपं, फांद्यांवर वाढणारी ऑर्किड्स आणि नेचे, काही सोडलं नाही. जाती भरल्या ३६५. वर्षाच्या रोज एक! पुढे पेरूमध्ये इक्विटोसजवळ यानामोनोला त्याने हेक्टरभर जंगल मोजलं, तर सुमारे ३०० जाती निघाल्या. खोडं होती जेमतेम सहाशे. म्हणजे दर दुसरं खोड नव्या जातीचं. १९८८ साली हा आकडा छापून आला तेव्हा त्या क्षेत्रातल्या लोकांनी डोळे चोळले.

बरं, ओळखायचं कसं? फुलं ऐंशी-शंभर फूट उंचावर, तीही वर्षातून चार दिवस. जेन्ट्री म्हणे, फुलाची वाट कशाला बघायची? पानं समोरासमोर आहेत की आलटून पालटून, चुरगळली की वास कसा येतो, साल कापली तर चीक निघतो का, निघाला तर पांढरा की पिवळा, हे बघा. त्याच्या लाडक्या वेलींचं खोड आडवं कापलं की आत चार फाट्यांची फुली दिसते, जशी आपण परीक्षेत चुकीच्या उत्तरावर बघायचो तशी. आपल्याकडचे वैदू, धनगर, कातकरी पान हातात घेऊन, चुरगळून, हुंगून झाड सांगतात. हा प्रकार त्याच जातकुळीतला, फक्त याने तो सुमारे नऊशे पानांच्या पुस्तकात पद्धतशीर लिहून काढला. कोलंबिया, इक्वेडोर, पेरूमधल्या झाडा-वेलींचं हे पुस्तक १९९३ साली आलं. चित्रं पेरूच्या रोडोल्फो वास्केझ यांची.

त्याच साली ३ ऑगस्टला जेन्ट्री एका लहान विमानातून इक्वेडोरमध्ये ग्वायाकिलजवळच्या डोंगरांची पाहणी करत होता. कुठे किती जंगल उरलंय हे वरून बघायचं होतं. बरोबर टेड पार्कर होता, आवाजावरून हजारो पक्षी ओळखणारा. १९९० साली या दोघांनी दोन सहकाऱ्यांसह बोलिव्हियातल्या माडिडी भागाची झटपट पाहणी केली होती. तिथे १९९५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. ते बघायला दोघंही उरले नाहीत. विमान डोंगरावर आदळलं. जेन्ट्री ४८ वर्षांचा, पार्कर ४० वर्षांचा. त्यांच्याबरोबर इक्वेडोरचे सहकारी एदुआर्दो आस्पियासु आणि पायलटही गेले. जेन्ट्रीच्या आवडत्या कुळातला सर्वांत मोठा वेलींचा गट, त्याचं सविस्तर लेखन तेवढं राहून गेलं.

आता आमची स्वतःची फजिती सांगतो.

या भाषणासाठी आम्ही एक झकास स्लाइड केली होती. काळी पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं: 'एका डोंगरावरच्या ९० वनस्पती. जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. आता तिथेही नाहीत.' गोष्ट सेन्टिनेला नावाच्या डोंगराची. पश्चिम इक्वेडोरमध्ये, अँडीजच्या पायथ्याला ही एक डोंगररांग आहे. १९७८ च्या सुमारास जेन्ट्री आणि डॉडसन तिथे गेले, तेव्हा त्यांना कुठल्याच यादीत न बसणाऱ्या कितीतरी वनस्पती मिळाल्या. आणि बघता बघता तिथलं जंगल शेतीसाठी तुटलं. १९९१ साली दोघांनी लिहिलं की फक्त तिथेच वाढणाऱ्या सुमारे ९० जाती बहुधा कायमच्या गेल्या. हार्वर्डच्या ई. ओ. विल्सन यांनी १९९२ च्या 'द डायव्हर्सिटी ऑफ लाइफ' या पुस्तकात ही गोष्ट सांगितली आणि सेन्टिनेला जगभर गाजलं. माणसाला नाव कळायच्या आतच जी जात संपते तिच्या नाशाला या डोंगराचंच नाव पडलं. २००० साली तर तिथल्या एका केशरी फुलांच्या झुडपाचं बारसंच 'गॅस्टरॅन्थस एक्स्टिंक्टस' असं झालं. म्हणजे नावातच मृत्यूचा दाखला.

निधी जमवायला याहून चांगली गोष्ट कुठली? आम्ही सरावात वाचली तेव्हा आमचेच डोळे पाणावले. मग आमच्यातली एक, जी ऑफिसात टेस्टिंग करते आणि घरीही करते, म्हणाली, "हे अजून खरं आहे ना, एकदा तपासूया." तपासलं, आणि स्लाइड उडाली.

ते केशरी फुलांचं झुडूप २०२१ साली त्याच भागातल्या जंगलाच्या उरलेल्या लहानशा तुकड्यांत जिवंत सापडलं. नाव 'नामशेष' आणि पठ्ठ्या फुललेला! त्यानंतर २०२४ साली वनस्पतीशास्त्रज्ञांच्या एका गटाने सेन्टिनेलाची पूर्ण यादीच नव्याने तपासून प्रसिद्ध केली. 'फक्त इथल्याच' म्हणून धरलेल्या जातींपैकी जवळजवळ सगळ्या इतर ठिकाणीही सापडल्या होत्या.

आमची पहिली प्रतिक्रिया प्रामाणिकपणे सांगतो. आम्हाला आनंद व्हायला हवा होता. झाली ती पंचाईत. कार्यक्रम दहा दिवसांवर आला होता आणि आमची सगळ्यात करुण गोष्ट खोटी निघाली होती. एक सूचना अशीही आली की "तरीपण तेच सांगू, कुणाला कळतंय?" ही सूचना कुणाची, ते आम्ही सांगणार नाही. तो आत्ता बटाटेवड्यांच्या टेबलाजवळ उभा आहे.

पण मग आम्ही पुढचा प्रश्न विचारला. चूक सापडली कशी? आणि इथे आमची कपाटं आली. जेन्ट्री आणि डॉडसन यांनी सेन्टिनेलावरून आणलेली प्रत्येक फांदी वाळवून, नंबर घालून, तारीख-ठिकाण लिहून ठेवली होती. दुसरीकडे कोलंबियात, पेरूमध्ये, इक्वेडोरच्या दुसऱ्या टोकाला इतरांनी गोळा केलेले नमुने आपापल्या कपाटांत पडून होते. काहींना नावं नव्हती, काहींना चुकीची होती. पुढच्या तीसेक वर्षांत आणखी नमुने आले, लेबलं संगणकावर चढली, जाणकारांनी एक नमुना दुसऱ्याशेजारी ठेवून बघितला आणि लक्षात आलं की अरे, ही तर तीच! जेन्ट्रीच्या काळी हाताशी असलेल्या पुराव्यावरून त्याने जे लिहिलं ते प्रामाणिकच होतं, असं आमचं मत. आणि ते तपासून बघण्याचं साधन त्यानेच मागे ठेवलं होतं. नमुने नसते, नुसता निबंध असता, तर ९० हा आकडा आपण आजही छातीठोकपणे सांगत बसलो असतो.

कुणी म्हणेल, "म्हणजे जाती वाचल्या, मग काळजी कसली?" तसं नाही. सेन्टिनेलाचं जंगल तुटलं ते खरंच तुटलं. पश्चिम इक्वेडोरच्या सखल भागातलं बहुतेक जंगल गेलं, हेही खरं. यातल्या अनेक वनस्पती आज शेतांच्या मधोमध उरलेल्या रानाच्या चिंध्यांवर तगून आहेत. फरक एवढाच की आता त्या नक्की कुठे आहेत ते कळलंय, आणि जी जागा ठाऊक आहे ती राखता येते.

जेन्ट्रीच्या राहिलेल्या वेलींचंही पुढे झालं. ब्राझीलच्या लुसिया लोमान यांनी त्याच गटावर सेंट लुईसमध्ये पीएच.डी. केली आणि २०१४ साली एका सहकाऱ्याबरोबर त्या साऱ्या गटाची नवी मांडणी प्रसिद्ध केली. २०२५ साली त्याच आपल्या बागेच्या प्रमुख झाल्या.

आता कोकणाकडे वळतो, तुमच्या पोटातली हालचाल आम्हाला कळतेय.

सह्याद्रीच्या सदाहरित जंगलांची मोजदाद करणारे लोक आपल्याकडेही झाले आणि त्यात इंजिनिअर कमी नव्हते, ही गोष्ट आम्ही जरा कॉलर ताठ करून सांगतो. थिओडोर कुक हे मूळचे आयर्लंडचे, रेल्वेच्या कामावर आलेले इंजिनिअर, पुढे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रिन्सिपॉल. त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला, तो १९०१ ते १९०८ या काळात खंडाखंडाने निघाला आणि अभ्यासक अजूनही उघडतात. आमच्यातले दोघं त्याच कॉलेजचे. चार वर्षांत कुणी आम्हाला हे सांगितलं नाही, आणि आम्हीही कॅन्टीन सोडून कशाची फारशी चौकशी केली नाही. अलीकडचे श्रीकांत इंगळहळीकर हेही पेशाने इंजिनिअर. त्यांचं सह्याद्रीतल्या फुलांचं पुस्तक २००१ साली आलं, आणि ट्रेकला जाणाऱ्या कितीतरी जणांच्या सॅकमध्ये ते असतं. देवरायांचं म्हणाल तर माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून त्यांच्या नोंदी केल्या.

देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. काडी मोडायची नाही, पाला न्यायचा नाही. त्यामुळे आजूबाजूचा डोंगर उघडा पडला तरी राईत मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली अजून झाडांवर चढलेल्या दिसतात. पण भीती पातळ होत चाललीय. देवळाचा जीर्णोद्धार निघतो, सभामंडप वाढवायचा ठरतो, रस्ता आत येतो, आणि चार मोठी झाडं जातात. (जीर्णोद्धाराला देणगी परदेशातूनही जाते, हे आपल्याआपल्यात.) गेली ती झाडं कुठली होती, हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. आम्ही फोनवर त्या विभागाच्या सरांना विचारलं की तुमच्या यादीत काही दुर्मीळ आहे का, आम्हाला भाषणात सांगायला बरं पडेल. सर हसले. म्हणाले, "दुर्मीळ आहे की नाही, ते शेजारच्या वीस राया बघितल्यावर सांगतो. आत्ता सांगितलं तर पुढे खोटा पडेन." तेव्हा सेन्टिनेलाची २०२४ ची गोष्ट आम्हाला नुकतीच कळली होती. आम्ही गप्प बसलो.

सध्या त्यांचे नमुने वर्तमानपत्रात गुंडाळून, बाकांखाली, प्लास्टिकच्या पेट्यांत आहेत. कोकणातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. गेल्या पावसाळ्यात दोन पेट्यांना बुरशी लागली. त्यातले नमुने ज्या राईतले होते, तिथे यंदा सभामंडपाचं काम सुरू झालं आहे.

तर दारापाशी टेबल आहे, त्यावर पावतीपुस्तक आहे, चेक चालतो, कार्डही चालतं. कपाटाचा फोटो आम्ही पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत छापणार, उघड्या दाराचा, आतली लेबलं वाचता येतील असा. आणि क्लायमॅट्रॉनला पुढच्या खेपेला जाल तेव्हा आत एखादी जाड वेल दिसली तर पानं समोरासमोर आहेत का बघा. खोड कापून फुली बघायचा मोह मात्र टाळा, तिथे कॅमेरे आहेत.

चला, वडे गार होतायत.